जुळलेलं मोडलं त्याबद्दल

अण्णा, तुमचं चुकलं होतं. सातपूरच्या घरामागे तुम्ही उभारलेल्या हॅम रेडिओच्या अँटेनाबद्दल बोलतेय. उभा ॲल्युमिनियमचा पाइप अजून तसाच आहे, केबल तेवढी मी नवी टाकली. आज सकाळी नवं मीटर लावलं आणि इतकी वर्षं गिळलेला राग पुन्हा घशाशी आला.

तुमचं गणित सरळ होतं. केबल पन्नास ओहमची, तेव्हा अँटेनाच्या पायथ्याशीही पन्नासच हवेत, म्हणजे पाठवलेली शक्ती माघारी येत नाही आणि मीटरचा काटा एकावर राहतो. पायथ्याभोवती जमिनीत चारच तारा पुरून तुमचा काटा एकावर आला. "जुळलंय. आता कुणी हात लावायचा नाही," असं घरभर बजावलंत. मी लावला. तुम्ही फर्स्ट शिफ्टला अंबडच्या कंपनीत गेलात आणि मी मामाच्या द्राक्षबागेतली उरलेली तार आणून आणखी बारा ठिकाणी पुरली. संध्याकाळी कंपनीतले तुमचे दोन मित्र रेडिओ बघायला आले, तर काटा एकावरून सरकलेला. "ही काय द्राक्षाची बाग आहे का?" तुम्ही ओरडलात. एक काका हसून म्हणाले, "पोरीनं जुळलेलं मोडलं की हो!" तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बघत होते. तुम्हीही हसलात, अण्णा, ते अजून खुपतं. धुळ्याचे तुमचे रेडिओमित्र तेव्हाच रेडिओवर सांगत होते, "आज आवाज जरा बरा येतोय तुमचा." ते तुम्ही हवामानावर ढकललंत आणि सकाळी माझ्या बाराही तारा उपटल्या.

आज मी त्या पुन्हा पुरल्या. नव्या मीटरवर पन्नास ओहमचे अडतीस झाले. म्हणजे वरचे बारा ओहम अँटेनाचे नव्हतेच, मातीचे होते! चौथा हिस्सा शक्ती तुम्ही पायथ्याच्या अळूच्या वाफ्याला ऊब देण्यात घालवत होतात, आणि काटा मात्र खूश. पाइप वीतभर आखूड केला, पायथ्याशी कॉइल लावली, काटा परत एकावर. एवढंच करायचं होतं. ते सोडून चारचौघांत माझा पाणउतारा केलात, आणि रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेला बसायला मला पन्नाशी उलटावी लागली.

हे पत्र मीटरच्या खोक्यातच राहील, म्हणून खरं लिहिते. त्या संध्याकाळी सरकलेला काटा तुमच्याआधी मी पाहिला होता, आणि मनात "बिघडवलं" असंच म्हटलं होतं. धुळ्याचा शब्द कानांनी ऐकूनही मी विश्वास काट्यावरच ठेवला. परीक्षेचा फॉर्म त्याच आठवड्यात तुम्ही आणून दिला होता. मीच भरला नाही.