मॅग्नेशियमची शेवटची तार

पौष वद्य षष्ठी, अमरावती

गणपतरावांची आई अंथरुणातून उठत नाही, म्हणून तिची तसबीर उन्हात काढता येईना. माजघरात भर दुपारी काळोख. मुंबईहून आणलेल्या मॅग्नेशियमच्या तारेचा एकच तुकडा माझ्याजवळ उरला होता. तो जळतो तेवढा वेळ घरात ऊन पडल्यासारखं होतं, मग संपलंच. "माय, इकडं पाहा, हलू नका," एवढंच बजावलं मी तिला.

तार पेटली आणि म्हातारीनं हात जोडून मान खाली घातली. दिवा लागला की जन्मभर करत आली, तेच केलं तिनं. हे मला आधी कसं सुचलं नाही? गाढव मी! मी तरी दिव्याला हात जोडल्यावाचून कधी राहिलोय?

तसबिरीच्या काचेवर आला तो डोक्यावरचा पदर आणि ते जोडलेले हात. गणपतरावांनी काच उजेडाकडे धरून न्याहाळली. मग म्हणाले, "एवढा उजेड पडला, आन् माह्या मायचं तोंडच नाही आलं?" नवी तार यायला महिना तरी लागणार.

दिवेलागणीला निरोप आला, म्हातारी गेली. बायकोनं देवापाशी दिवा लावला. माझे हात उठलेच नाहीत.