मागे काही ओढायचं नाही

९ डिसेंबर २०२४, वडसा

मारलं त्यानं मला! ऑफिसात, चार गिऱ्हाइकांसमोर!

लटारू – नाटक मंडळीचा मालक. प्रयोगाला जायला आमचीच जीप भाड्यानं नेतो. आज म्हणाला, जनरेटरची ट्रॉली मागे जोडून नेतो. मी भिंतीवरचा बोर्ड दाखवला – जीपच्या मागे काही ओढायचं नाही. ट्रॉली फक्त मोठ्या पिकअपला. आणि पिकअप पुढच्या सोमवारपर्यंत बाहेर आहे.

"जीपले हुक आहे ना?"

"हुक आहे. परवानगी नाही. ट्रॉलीला ब्रेक नसतो, उतारावर ती जीपलाच ढकलते."

"मंग नाटक तुमचा बोर्ड करते का? मले नको शिकवू!" – आणि कानाखाली. आमचा ड्रायव्हर इसरू मध्ये पडला. त्याला खाली पाडून बुटानं तुडवलं. इसरूची भुवई फाटली. फरशीवरचं रक्त मीच पुसलं.

१० डिसेंबर

डावा कान वाजतोय. चंद्रपूरहून आमच्या शेठचा फोन – "जुनं गिऱ्हाईक आहे, सांभाळून घ्या." पोलीस ठाण्यातही तेच – "कलावंत माणूस, डोकं गरम. समजून घ्या." सगळं मीच समजून घ्यायचं!

११ डिसेंबर

वांगी चिरता चिरता विळीवर हात थांबला. डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही.

१२ डिसेंबर

सकाळी लटारू परत हजर. ट्रॉली दाराशी. "चावी द्या बाई, कोरचीले प्रयोग आहे, टाइम होऊन राह्यला."

कोरचीच्या वाटेवर घाट. ट्रॉलीचा एक टायर बसलेला – मला दिसला. जीप तोच चालवतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. इसरू भुवईला टाके घालून सुट्टीवर.

मी वाद घातला नाही. उठले, खिळ्यावरची चावी काढली, त्याच्या हातात ठेवली. मनात म्हटलं – उलट! दरीत उलटून चिरडून मर!

असंच म्हटलं. लिहून ठेवते.

१३ डिसेंबर

काल घाटात ट्रॉलीनं जीपला मागून ढकललं. दोन कोलांट्या. जनरेटर जीपवर.

स्टेअरिंगवर लटारू नव्हता. इसरू होता!

रेल्वे फाटकाशी चहा पीत होता म्हणे. जीपमागे ट्रॉली दिसली तसा आडवा आला. "लटारूभाऊ, तू घाटात बाईची गाडी मोडशीन. सरक, मी नेतो." मार खाल्लेला माणूस, त्याच्याच शेजारी बसून गेला!

इसरूचा उजवा पाय मांडीपासून कापला. लटारूला नुसतं खरचटलं.

१४ डिसेंबर

गडचिरोलीला दवाखान्यात गेले. इसरूची बायको कमळा गळ्यात पडली. "बाई, तुम्ही तं नाई म्हटलं होतं ना त्याले?" मी मान हलवली. कमळानं ती 'हो' समजली. मी समजू दिली.

तेवढ्यात लटारू आला – बिस्किटं, संत्री घेऊन. आवारातच इसरूच्या भावांनी गाठला. सायकलच्या साखळीनं मारलं, मग विटेनं. तोंडातून दात पडले. जबडा एका बाजूला लोंबला. मोठा भाऊ ओरडत होता, "पाय दे त्याचा! पाय दे!" लटारूनं हात वर केला नाही. खाली पडल्यावरही नाही.

मी पायरीवर उभी. एक शब्द बोलले असते तर थांबले असते – मला मानतात ते. नाही बोलले. खोटं कशाला लिहू? बरं वाटत होतं. पोलीस येईपर्यंत बरं वाटत होतं.

१६ डिसेंबर

लटारूची जबानी झाली. बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहून दिली – बाईनं मना केलं होतं. चावी मी हिसकून नेली. बाईचा दोष नाही. एकदा हात उचलला तिच्यावर, आता पुरे.

तसाच माझा जबाब लिहून हवालदार म्हणाला, "इथी सही करा बाई. सुटल्या तुम्ही."

सही केली नाही. सांगितलं – हिसकावली नाही. मी दिली.