चिठ्ठीची मागची बाजू

गुरुजी, समोर टेबलावर एक बंद पाकीट आहे आणि ते फोडायच्या आधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, हे मला कळतं. पण उघडायच्या आधी बोलायचं ही सवय तुम्हीच लावली, मग आता ऐकून घ्या. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं आहे. आठवीत मुलींच्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसायची, तिचं.

अनसिंगच्या शाळेत तुमचा तास म्हणजे पहिली पंधरा मिनिटं पुस्तक बंद. बाकीचे मास्तर वर्गात पाय टाकता टाकता पानाचा नंबर सांगायचे. तुम्ही मात्र येता, टोपी टेबलावर ठेवता, फळ्यावर धड्याचं नुसतं नाव लिहिता आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहता. "सांगा रे पोट्टेहो, याच्यात काय असन?" मग गलका. गलका ओसरला की वहीच्या पानाचा चौथा हिस्सा फाडायचा, त्याच्या पुढच्या बाजूला लिहायचं, धड्यात काय असेल असं वाटतं. आणि मागच्या बाजूला, काय असावं असं आपल्या मनात आहे. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. धडा संपला की डबा उघडायचा. मी एकदा तणतणलो होतो, "दोन-दोनदा कायले लिवाचं गुरुजी? एकच तं हाये!" तुम्ही म्हणालात, "एक नाई बाप्पा. मनातलं येगळं काढून नाई ठेवलं, तं तू पुस्तक नाई वाचत. सोताचं मनच वाचत बसतं."

हे तुम्ही कुठल्या ट्रेनिंगात शिकला नव्हता. शाळेमागच्या कडुनिंबाखाली डबा खाताना एकदा सांगितलं होतं. "माह्या बापाले अक्षर येत नव्हतं. काकाचं कार्ड नागपूरहून आलं का बाप आधी त्याचे कोपरे पाहे." मरणाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, चारही कोपरे शाबूत दिसले की घरानं श्वास सोडायचा. "मंग वाचणारा भेटेपर्यंत दोन-तीन दिवस ते कार्ड आढ्याले खोचून राहे. माय म्हणे, सणाले येतो म्हणत असन. बाप म्हणे, आजारी तं नसन पडला? वाचणारा येऊन वाचे तवा एकेक शब्द आत जाये. आता मले फटकन वाचता येते, अन् फटकन इसरतो." भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही हसला होता.

समुद्राच्या धड्याचं आठवतं? आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही सगळा वर्ग शाळेपलीकडच्या वावरात नेला. ज्वारी नुकती निसवलेली, कणसं वर आलेली, वारा सुटलेला, आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळं पीक एका अंगानं वाकतं, पुन्हा उठतं. "हे हालते, तसं पाणी हालते. मधात एक नाव, एक माणूस. काठ कुठीच नाई. काय होईन त्याचं?" कोणी म्हणालं बुडन, कोणी म्हणालं मासे खाईन अन् मजा करन. दुसऱ्या बाकावरची ती कणसं बाजूला सारत म्हणाली, "तहान लागन." सगळे खो खो हसले. "इतक्या पाण्यात तहान? पागल झाली का वो!" मी हसलो नाही, कारण मला माहीत होतं. भावाच्या जुन्या पुस्तकातून तो धडा मी चोरून वाचून आलो होतो. ती बरोबर होती, आणि हे त्या वावरात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. माझी चिठ्ठी वाचली आणि तुम्ही सरळ येऊन डावा कान धरला. "'नावाडी तहानेने व्याकूळ होतो.' व्याकूळ? तुह्या आज्यानं तरी कधी व्याकूळ म्हटलं होतं का बे?" वर्ग पोट धरून हसला. मग कान न सोडता, पण आवाज खाली आणून म्हणालात, "तुह्यं उत्तर बरोबर आलं, अन् नुसकानही तुह्यंच झालं. हा धडा तुले आता पयल्यांदा वाचता येणार नाई." चिठ्ठी उलटून पाहिली. "अन् मागं कोरं काहून?" मागे लिहिण्यासारखं होतं, पण ते त्या धड्यातलं नव्हतं.

मग वाशीमचं कॉलेज. तीही तिथंच, मामाच्या घरी राहून शिकणारी. आम्ही चोरून भेटू लागलो. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास वसतिगृहात मला कार्ड आलं, कोपरा फाटलेलं. तुम्ही गेल्याचं. त्या कार्डाला अंदाज बांधावा लागला नाही. त्यानंतर आठच दिवसांनी तिची चिठ्ठी मैत्रिणीच्या हातून आली. गुरुजी, त्या आठवड्यात माझ्या मनात एकच होतं, की आता सगळेच जाणार. तेच मनात धरून मी चिठ्ठी उघडली. पहिली ओळ होती, "आता आपण भेटायचं नाही." बस. तिथंच डोकं फिरलं. कागद मुठीत चुरगळला आणि भर दुपारी तिच्या मामाच्या दारात जाऊन उभा राहिलो. गल्ली ऐकेल एवढ्यानं ओरडलो. काय काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही. दारात मामा आला, मागे ती. ती एवढंच म्हणाली, "पुरी वाचली का?"

पुरी वाचली मी एसटी स्टँडच्या बाकावर, संध्याकाळी. कागदाला मागची बाजू होती. "परीक्षेपर्यंतच. परीक्षा झाली की मी स्वतः मामाजवळ बोलणार आहे. तेवढा धीर धर." आणि तोवर मामानं तिचं कॉलेज बंद केलं होतं. तिला गावी धाडलं. माझं कोणी बंद केलं नाही, पण तिची जागा रिकामी असलेल्या वर्गात मी कोणत्या तोंडानं बसू? सोडलं.

आता तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो, आलेले कागद वाचून दाखवतो. कोणी नोटीस घेऊन आला की आधी विचारतो, "काका, कायची वाट पाहून राह्यले?" लोक वैतागतात. "अबे वाच ना लवकर, भविष्य सांगून राह्यला का?" पण सांगतात, आणि मग वाचलेलं त्यांना समजतं. मागच्या महिन्यात इंझोरीचा एक माणूस अर्जाला आला. बोलता बोलता कुरकुरला, "आमच्या शाळेत नवी बाई आली. पुस्तकच उघडू देत नाई. पोट्टे वह्याईचे पानं फाडू फाडू चिठ्ठ्या लिवून राह्यले." माझी लेखणी थांबली. ती पुढे मास्तरकीचं शिकल्याचं कानावर आलं होतं. नाव विचारलं नाही. त्याच संध्याकाळी इंझोरी शाळेच्या पत्त्यावर तीन ओळी टाकल्या. चूक माझी होती, हे लिहायला मला तीन ओळी आणि जवळपास सहा वर्षं लागली. त्याचं हे उत्तर आहे. चार दिवस खिशात होतं.

आज पानाचा चौथा हिस्सा फाडला. पुढच्या बाजूला लिहिलं: माफ केलं, पण लग्न ठरलं आहे, पुन्हा लिहू नको. एवढंच आत असेल असं खरंच वाटतं. मागच्या बाजूलाही लिहिलं आहे, या वेळी कोरं ठेवलं नाही. ते तुम्हालाही सांगणार नाही. आणि तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकणार? राहील इथंच, ड्रॉवरमध्ये. आता पाकीट फोडतो. पुरं वाचीन, दोन्ही बाजूंनी.

फक्त एक कबूल करायचं राहिलं. दुपारी पाकीट उन्हात धरून पाहिलं होतं. अक्षर काही लागलं नाही. पण पत्राच्या घडीत आणखी एक लहान कागद दिसला, वहीच्या पानाच्या चौथ्या हिस्स्याएवढा. चोरूनच पाहिलं, गुरुजी. डावा कान मीच धरला आहे.