त्या दिवशीची मूठ

प्रिय ढब्ब्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, हिला आता काय झालं. मरणबिरण काही नाही, तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच. सहा वर्षं गप्प बसलेल्या बहिणीला या नावाने हाक मारायचा हक्क उरतो की नाही, मला ठाऊक नाही. पण एका मुलीचा बाप झाला म्हणून ढब्ब्याचा लगेच साहेब होत नाही, असं मी धरून चालते.

मी अजून दातांच्याच कामात आहे. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे येतात आणि मी मागच्या खोलीत बसून त्यांवरून कवळ्या करते. समोर माणूस नाही, नुसतं त्याचं तोंड, आणि तेही न बोलणारं. मला मानवलं होतं ते. गेल्या वर्षी पुढच्या टेबलावरच्या बाई निवृत्त झाल्या आणि मालकीणबाईंनी मला तिथे बसवलं. फोन वाजला की हॅलो कसं म्हणायचं याची मनात तालीम होईपर्यंत तो वाजायचा थांबलेला असायचा. अकराव्या दिवशी मी बाथरूमची कडी लावून बसले ती दुपारपर्यंत बाहेर आले नाही. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या आणि बऱ्याच वेळाने एका डॉक्टरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दाराखालून आत सरकवली. मनोविकारांच्या डॉक्टर होत्या त्या.

मला राग आला रे. मला वाटायचं, माझ्याकडे आहे ती देणगी आहे, आजार नव्हे. आमच्या ताईला सगळं कळतं, हे तूच गल्लीभर सांगत फिरायचास. आई कामावरून आली की मी किल्ल्यांकडे कान लावायचे. टेबलावर आपटल्या तर बरं, थोडी आरडाओरड होऊन मिटायचं. आवाज न करता हळूच ठेवल्या तर मात्र त्या दिवशी काही खरं नसायचं. मग मी जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहायचे आणि तू खेळून आलास की वरूनच खूण करायचे. एक बोट म्हणजे ये. मूठ म्हणजे बूट हातात घे आणि आल्या पावली परत जा. तू कधी का म्हणून विचारलं नाहीस आणि माझी खूणही कधी चुकली नाही.

तिथूनच माझ्या डोक्यात बसलं की दुसऱ्याच्या मनातलं माझ्या छातीत उमटतं. मोठेपणी इंटरनेटवर माझ्यासारख्यांचा एक गट सापडला. दुसऱ्यांचं दुःख अंगात शिरू नये म्हणून त्यांनी सांगितलेला काळा खडा मी चार वर्षं खिशात बाळगला. खिसे तेवढे फाटले. चार माणसं जमली की चौघांचा राग, कंटाळा, तिरस्कार माझ्या अंगावर यायचा, म्हणून मी माणसंच टाळायला लागले. शेजारीण जिना उतरून जाईपर्यंत दाराआड श्वास धरून उभी राहायचे. दोन नोकऱ्या सोडल्या, तिथल्यांना मी नकोशी झालेय हे मला न सांगता कळलं होतं म्हणून. फार दमले रे मी.

डॉक्टरांकडे दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले तर बाई सर्दीने बेजार, दर वाक्याला शिंकत होत्या. मी सगळं सांगितलं, खड्यासकट. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, बरं, आणि मग त्या माणसांना कधी विचारलंत का? कधीच विचारलं नव्हतं. जे आपल्याला कळतं ते विचारायचं कशाला?

त्यांनी एक गोळी दिली, तिने तोंड कोरडं पडतं पण छातीतली धडधड उतरते. आणि एक वही घालायला सांगितली. डावीकडे मला काय जाणवलं, उजवीकडे त्या माणसाने काय सांगितलं. विचारण्यात पहिला नंबर साचे आणून देणाऱ्या माणसाचा लागला. त्याच्या मनात काहीतरी भयंकर साचलंय, असं मला आठवडाभर जाणवत होतं. सगळा धीर गोळा करून विचारलं, तर म्हणाला, नवा बूट चावतोय हो ताई. एकोणीस माणसांपैकी चौघांचंच मला बरोबर कळलं होतं. डॉक्टरांनी आणखी एक दाखवलं. डावीकडच्या रकान्यात राग होता, कंटाळा होता, पण माया एकाही ओळीत नव्हती. म्हणाल्या, तुम्ही आईला ओळखायला शिकलात, आणि मग प्रत्येकात आईलाच ओळखत बसलात.

त्या रात्री मी खूप रडले. सुटका झाली म्हणून नव्हे. देणगी गेली तर माझ्याकडे उरलं काय, एक घाबरट बाई, एवढंच ना? तो खडा अजून ड्रॉवरमध्ये आहे. टाकवत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोनवर मला जमलं नसतं. आई गेली त्या दिवशी वॉर्डात नातेवाइकांची गर्दी होती आणि मी आत येऊ शकले नाही. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले. तू बाहेर आलास, वरच्या पायरीवर उभा राहिलास, माझ्याकडे बघितलंस. तुझी मूठ घट्ट आवळलेली होती. मी ती खूण वाचली आणि आल्या पावली परत गेले. नंतर तुझे फोन आले, तेव्हाही तुझ्या आवाजात मला तीच मूठ ऐकू यायची, म्हणून मी उचलायचं सोडलं. वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ तुझी आहे. डावीकडे लिहिलंय, याने मला कधीच माफ केलं नाही. उजवीकडचा रकाना अजून कोरा आहे. मी आता ओळखणार नाही, ढब्ब्या, तुला विचारते. त्या दिवशी तुझी मूठ का आवळलेली होती?

तुझीच,
जिन्यावरची ताई