संडासाच्या दारांचा सत्कार

प्रिय स्वप्नील,

जेवतोस ना नीट? कोठडीतली डाळ अगदी पाण्यासारखी असते म्हणे. इथे घरात असूनही मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवते. काळजी आहेच, पण त्याहून जास्त किळस आलीय मला, आपल्याच माणसांची.

डिलाईल रोडच्या नाक्यावरचा बिल्डरचा तो भलामोठा स्क्रीन तू हॅक केलास आणि टॉवरच्या जाहिरातीऐवजी आपल्या संक्रमण शिबिरातल्या संडासांपुढच्या रांगेचा व्हिडिओ दाखवलास, तेव्हा हीच माणसं शिट्ट्या मारत होती. बिल्डरने चाळ पाडून अकरा वर्षं आपल्याला घोडपदेवच्या या खुराड्यांत कोंबलंय, निदान कुणीतरी त्याला उघडं पाडलं म्हणून सगळ्यांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. पोलिसांनी तुला नेलं आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांचे स्टेटस गायब! आता रहिवासी कमिटीचे सीतारामभाऊ म्हणतात, माझ्या मुलीला, स्पृहाला बघायला येणाऱ्यांनी आमचे संडास पाहिले, अब्रू गेली. वा रे अब्रू!

पुढचं ऐक. बिल्डरने आठवड्याभरात संडासांना नवी दारं बसवली. इतकी वर्षं आम्ही बायका एकमेकींसाठी साडीचा आडोसा धरून उभ्या राहायचो. दारं लागली तुझ्यामुळे, आणि कमिटीने सत्कार कुणाचा केला? बिल्डरच्या माणसाचा! संडासासमोर मांडव घालून, शाल, श्रीफळ, हार. सीतारामभाऊंनी साहेबांच्या मोठ्या मनावर भाषण ठोकलं. तुझे बाबा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मी उठले तर माझा हात धरून म्हणतात, "गप रव, घर गावतला." घर मिळेल म्हणून गप्प राहायचं! तिथेच उभ्याउभ्या लोक पेढे खात होते. शी!

आता मुद्द्याचं. बुधवारी कमिटी बाबांना पुढे करून तुला भेटायला येणार आहे. व्हिडिओ बनावट होता असं तू लिहून द्यायचंस, मग बिल्डर तक्रार मागे घेणार आणि दिवाळीला सगळ्यांना चाव्या देणार, असं ठरलंय. बाबा रडतील. त्यांना खरंच घर हवंय रे, मलाही हवंय. तू सुटावास असं तर रोज वाटतं. पण सही करण्याआधी तुला एक कळायला हवं. व्हिडिओतल्या त्या रांगेत बादली घेऊन, पदराने तोंड झाकून उभी असलेली बाई तू ओळखली नसशील. ती मी होते. त्या दिवशी नाक्यावर भाजी घेताना स्वतःला एवढं मोठं पाहिलं आणि लाजेने मेले. आता लाज वाटत नाही. कोर्टात विचारलं तर उभी राहून सांगेन, ती मीच. तू बनावट म्हणालास, तर मी कोण रे?

तुझीच,
आई