तोंडाने काही देऊ नये

नागपूर,
८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय नंदिनी वहिनी,

सप्रेम जय भीम. बाबांचा ऑक्सिजन काल काढला. ताप तीन दिवसांपासून नाही. आज गिळण्याची तपासणी झाली. दाटसर वरणाचे सहा चमचे त्यांनी न खोकता घेतले. उजवा हात अजून उचलला जात नाही. हुडकेश्वरला तुमच्या आई बऱ्या असतील. फोन केला नाही, कारण बोलताना मी सोयीचे तेवढेच बोलते.

माझे काम तुम्हाला ठाऊक आहे. मेंदूत गुठळी अडकून झटका आलेल्यांपैकी दवाखान्यात कोण दगावते आणि का, हे मी चारशे फाइलींतून मोजते. वय, झटक्याची तीव्रता, हृदयाचे अनियमित ठोके, वाढलेली साखर, नंतर होणारा निमोनिया. यांतले पहिले चार धोके बाबांना दाखल होतानाच होते. पाचवा टाळणे आपल्या हातात होते.

तुम्ही यातले काही शिकलेल्या नाहीत. तरी डॉक्टरांनी विचारताच म्हणालात, "सहा चाळीसला चहात साखर नाही म्हणून कुरकुरले. सातला जीभ जड झाली." इतकी नेमकी वेळ माझ्या फाइलींत क्वचित सापडते. तिच्या भरवशावरच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले.

पलंगावर पाटी होती : तोंडाने काही देऊ नये. बाबा पाणी मागत, तुम्ही ओल्या कापसाने ओठ पुसत. प्रेमिला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "काय सून हाय वं तू! माणूस पाणी मांगून राहिला, अन् तू कापूस फिरवून राहिली?"

तुम्ही म्हणालात, "आत्या, पाणी फुफ्फुसात जाते. मले शिव्या द्या, पण तो ग्लास खाली ठेवा."

मी तिथेच होते. आत्याला एका वाक्यात समजावू शकले असते. मोबाइल बघत राहिले.

गेल्या शनिवारी दुपारी तुम्ही औषध आणायला खाली गेलात. बाबा म्हणाले, "उन्नू, पाणी." लहानपणानंतर त्यांनी मला त्या नावाने हाक मारली नव्हती. मी चार चमचे पाजले. ते खोकले. मी हनुवटी पुसली आणि चमचा उशीखाली सरकवला.

तुम्ही परत येताच ओली उशी आणि तिच्याखालून डोकावणारा चमचा पाहिला. सिस्टरला बोलावून इतकेच सांगितले, "चारपाच चमचे पाणी गेले आहे. दहा मिनिटे झाली असतील." लगेच घसा साफ केला, डॉक्टर आले, ताप चढायच्या आधीच लक्ष ठेवले गेले. बाबा वाचले ते त्यामुळे, असे डॉक्टर म्हणतात. कोणी पाजले, हे तुम्ही बोलला नाहीत. सगळ्यांनी दोष तुम्हालाच दिला. दादा ओरडला, तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलेत. मी बाबांचा तक्ता वाचत होते. त्याच रात्री तुम्ही हुडकेश्वरला माहेरी निघून गेलात.

काल संध्याकाळी मी दादाला आणि आत्याला सांगितले. दादा उठून जिन्यात जाऊन बसला. आत्या म्हणाली, "तू तं शिकलेली ना वं?"

दादा उद्या सकाळी तुमच्याकडे येतो आहे. त्याच्याबरोबर निघायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी माफी मागितली, तर ती देण्याचे ओझेही तुमच्यावरच पडेल. म्हणून मागत नाही.

सहा दिवस तुमच्या आड लपलेली,
उन्नती