मीटरमागचा जोड

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्याशी असं लिहून बोलायची मला सवय नाही. तुम्ही समोर होता तेव्हाही मी फारसं बोलत नव्हतो. पण मंगळवारपासून माझं कामात लक्ष लागत नाही आणि घरात कुणाला हे सांगता येत नाही.

कुरुळीचे काका तुम्हाला आठवत असतील. बीडहून येऊन चाकणला कंपनीत लागले होते आणि तुमच्या शब्दावर त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. तीच गाडी ते अजून चालवतात. मंगळवारी सकाळी ती घेऊन कासारवाडीला आपल्या गॅरेजवर आले. म्हणाले, "भाऊ, इंजिनचा दिवा लागतो अन् विझतो बघा. खड्ड्यात आदळली की लागतो, पुढच्या खड्ड्यात जातो. तीन ठिकाणी दाखवली. तिघंबी म्हणले, आता कुठं लागलाय, जावा घरी." मी विचारलं, नक्की इंजिनचाच ना? तर हसून म्हणाले, "एकटा नाही ओ, तेलाचा बी संगं लागतो. नवरा-बायकोवानी जोडीनं येतेत अन् जोडीनं जातेत."

दोन दिवे एकदम का लागावेत, हे मला कळेना. तेलाचा दाब मोजला, तो बरोबर निघाला. मग स्कॅनर लावला. सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बिघडलाय, असं त्यानं दाखवलं. बिघाड जुनाच असणार. पण पुढं असं दाखवलं की इंजिनचा दिवा या क्षणी चालू आहे. मी मीटरकडे पाहिलं, तिथं दिवा बंद. दोनदा स्कॅनर काढून लावला, तेच. म्हणून मीटर खोलला. इंजिनच्या दिव्याची वायर मध्येच कापलेली होती आणि मीटरकडचं टोक तेलाच्या दिव्याच्या वायरला जोडलेलं होतं. म्हणजे चावी फिरवली की दोन्ही दिवे लागणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार, आणि घेणाऱ्याला वाटणार गाडी एकदम ठीक आहे. कापलेलं दुसरं टोक नुसती टेप गुंडाळून बाजूला सोडलेलं होतं. इतक्या वर्षांत टेप सुटली आणि धक्का बसला की ते टोक जोडाला टेकायला लागलं. तेवढ्यापुरता खरा दिवा लागत होता, आणि जोडामुळे तेलाचाही त्याच्यासोबत.

जोड मात्र जसाच्या तसा होता. तारा दोन भागांत फोडून एकमेकींत अडकवलेल्या, वर कथलाचा डाग दिलेला, मागे वळवून शेजारच्या सीटकव्हरवाल्याच्या पिवळ्या दोऱ्यानं बांधलेला. मी डिप्लोमाला असताना सुट्टीत नुसता पीळ देऊन टेप लावली होती, तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकासमोर ती खसकन ओढून तोडलीत. "ह्याला जोड म्हनत्यात व्हय? वाटंत गाडी बंद पडली तर ढकलायला तू जानार हाय का?" मग स्वतः करून दाखवलंत. असा जोड आजवर मी दुसऱ्या कुणाच्या हातचा पाहिलेला नाही, अण्णा. मी तो हातात धरून स्टिअरिंगखाली मान घालून किती वेळ पडून होतो, कळलं नाही.

एकदा एक गाड्यांचा दलाल नेमकं हेच काम घेऊन आला होता. तुम्ही चहाचा कप तसाच खाली ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या दारात असलं काम हुनार न्हाई. व्हय भायेर." तुमच्या तेराव्याला मी ही गोष्ट चार लोकांना सांगितली होती. मग या गाडीत का केलंत? विकणारा कोण होता? तुम्हाला कुणी गळ घातली होती का? आई असती तर तिला विचारलं असतं.

काकांनी वाकून विचारलं, "काय निघालं?" मी उठलो, हात पुसले. ते म्हणाले, "अण्णा असते तर हात लावताच सांगितलं असतं बघा त्यांनी." मी म्हणालो, "उंदरानं वायर कुरतडली होती." त्यावर ते केवढे हसले. "उंदीर बी हुशार! एवढ्या वायरी सोडून बरोबर दिव्याचीच धरली."

वायर जशी हवी तशी जोडून दिली, सेन्सर नवा घातला. आता त्यांचा दिवा खरं सांगेल. जाताना त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोला हात जोडले, आणि मी पान्हे आवरायला लागलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वाचून झालं की फाडणार आहे. दोन दिवस तुमच्यावरच रागावलो होतो. पण एक सांगायचं राहिलं. उंदराचं नाव घेताना मला जरासुद्धा विचार करावा लागला नाही, अण्णा. ते आपोआप तोंडात आलं.